३९ मध्ये काही रस नाही म्हणे!

तिसरं_गेट
डेव्हिड वेल्स नावाच्या इंग्रज लेखकाने १९८६ साली संख्यांचा एक कोश काढला. त्यात ३९ पुढे त्याने लिहून ठेवलंय की सांगण्यासारखं काही नसलेली ही पहिलीच संख्या दिसते. आता 'सर्वात लहान निरस संख्या' हा मान मिळाला की ती निरस राहते कुठे, हा पेच आहेच. गणितवाल्यांत तो विनोद जुना आहे.

माझी तक्रार वेगळी. त्याने बेळगावच्या कुणालाही विचारायला हवं होतं. डिसेंबर १९२४ मध्ये आपल्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं ते ३९ वं. गांधीजी अध्यक्ष झाले असं तेवढं एकच अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी सगळा घाट घातला, पाण्यासाठी विहीर खणली, ती काँग्रेस विहीर अजून आहे. एवढं ज्याच्या नावावर आहे तो आकडा निरस?

बरं, गणितातही तो अगदीच कोरडा नाही. ३ पासून लागोपाठच्या मूळ संख्या घ्या: ३ + ५ + ७ + ११ + १३ = ३९. आता त्याच ओळीतली पहिली आणि शेवटची गुणा: ३ × १३, पुन्हा ३९. शिवाय ३ + ९ + २७ केलं तरी ३९ च.

तर धागा याच्यासाठी. प्रत्येकाने एक आकडा घ्यायचा. त्याचं गणित सांगायचं आणि आपल्या भागात त्याचं काय चालतं तेही सांगायचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, सगळे या. १७२९ ला बंदी. रामानुजन आणि टॅक्सीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

कुंदावाला
आमचा आकडा पाव. पाव किलो कुंदा, बेळगावची मिठाई. गणित असं की घरी पोचेपर्यंत तो निम्मा होतो.

शंकेखोर
तिसरं_गेट, एक शंका. काँग्रेस स्थापन झाली १८८५ ला. दरसाल एक अधिवेशन धरलं तर १९२४ चं ४० वं यायला पाहिजे. १ कुठं गेला?

तिसरं_गेट
सुरतेला गेला. १९०७ चं सुरतेचं अधिवेशन २३ वं. तिथं जहाल-मवाळांची जुंपली, जोडे उडाले आणि अधिवेशन उधळलं. मग १९०८ साली मद्रासला जे भरलं त्यालाही २३ वंच धरलं. लाहोरचं १९०९ चं २४ वं. तिथून मोजत या, बेळगाव बरोबर ३९ वर येतं. म्हणजे सुरतेला टिळक आणि मवाळ गोडीनं वागले असते तर टिळकवाडीच्या वाट्याला ४० आला असता आणि मला हा धागा काढता आला नसता.

शंकेखोर
मानलं. हिशोब लागला.

शेडबाळची_लेक
मी १०८ घेते. नेहमीचं पुराण लावत नाही, आमच्या जैन घरातलं सांगते. आमच्याकडे जपमाळेचे १०८ मणी कसे आले ते लहानपणीच गुणाकारानं शिकवतात. हिंसेचं काम तीन टप्प्यांत होतं: संरंभ, समारंभ, आरंभ. म्हणजे ठरवणं, जमवाजमव करणं, सुरू करणं. ते मन, वचन, काय या तिन्हींनी होतं. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, करणाऱ्याला मान डोलावणं, हे आणखी तीन. आणि त्यामागं क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय, म्हणजे मनाचे विकार. ३ × ३ × ३ × ४ = १०८. पाप करायच्या १०८ वाटा, एकेका वाटेला एक मणी. शाळेत 'क्रमचय-संचय' आलं तेव्हा मला काही नवीन वाटलं नाही, आजीनं माळ हातात देऊन ते आधीच शिकवलं होतं.

गणिताचं म्हणाल तर १०८ = १ × (२ × २) × (३ × ३ × ३). एकाचा पहिला घात, दोनाचा दुसरा, तिनाचा तिसरा. आणि नियमित पंचकोनाचा कोपरा मोजला तर १०८ अंश.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, गेला असाल तर वर छताकडं बघा. कमळाला ७२ पाकळ्या आहेत. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांचे २४-२४ तीर्थंकर, २४ × ३. बस्ती १२०४ ची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्यानं बांधलेली. मान दुखेपर्यंत पाकळ्या मोजून झाल्या की मगच बाहेर यायचं, असा आमच्या सहलीतला नेम.

अंकज्योतिषी_नव्हे
१०८ निघालाच आहे तर: सूर्याचं अंतर भागिले सूर्याचा व्यास = १०८, चंद्राचंही तेच. ऋषींना सगळं माहीत होतं!

शंकेखोर
नावात 'नव्हे' लिहून भागत नाही ओ. सूर्याचं गुणोत्तर सुमारे १०७.५ येतं, चंद्राचं सुमारे ११०.६. जवळ आहेत म्हणूनच ग्रहणात चंद्र सूर्याला झाकू शकतो, ते खरंच नवल आहे. खरं १०८ चा संबंध पंचांगाशी लावायचाच असेल तर सरळ मार्ग आहे: २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, २७ × ४ = १०८. १२ राशींत वाटले की राशीला ९ चरण. त्याला कुठल्या ऋषीची दुर्बीण लागत नाही.

शेडबाळची_लेक
+१. आणि पूर्वजांचं कौतुकच करायचं असेल तर महावीराचार्यांचं करा की. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, साधारण ८५० च्या सुमारास 'गणितसारसंग्रह' लिहिला. आपल्या कर्नाटकातलेच. त्यांनी गुणाकारांचे हार करून दाखवलेत, डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखेच:

१५२२०७ × ७३ = ११११११११
१२३४५६७९ × ९ = १११११११११
१४२८५७१४३ × ७ = १००००००००१

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून करून बघा. दुसऱ्यात ८ गाळलाय, तो माझ्या टायपिंगचा दोष नाही.

गुरुजी_खानापूर
ताई, तिसरा गुणाकार सुंदर आहे. १ ला ७ नं भागलं की ०.१४२८५७१४२८५७... असं चक्र फिरत राहतं. १४२८५७ ला २ नं गुणा, २८५७१४. ३ नं गुणा, ४२८५७१. तेच सहा अंक खांदे बदलत राहतात. ७ नं गुणलं की ९९९९९९. सातवीच्या वर्गात मी हे फळ्यावर करायचो आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वहीत उतरून घ्यायची. त्या बाकाचा तेवढाच एक विजय.

पण माझा आकडा साडेतीन. दुसऱ्या कुठल्या भाषेनं एका अपूर्णांकाला एवढा मान दिला असेल असं मला वाटत नाही. साडेतीन मुहूर्त: पाडवा, अक्षय्यतृतीया, दसरा आणि अर्धी बलिप्रतिपदा. साडेतीन पीठं: कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि अर्धं वणी. पेशवाईत साडेतीन शहाणे: सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर, आणि अर्धे नाना फडणीस. ओंकाराच्या मात्रा साडेतीन, कुंडलिनीचे वेढे साडेतीन, माणसाचा देह साडेतीन हात. शेवटी लागते ती जमीनही साडेतीन हातच.

जुन्या शाळेत याचा वेगळा पाढा होता, औटकी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी झाल्या की औटकी. औट, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस, साडेचोवीस, अठ्ठावीस. एक आड एक सातचा पाढा आपोआप पाठ होतो. बाजारात साडेतीन शेर तूर आणि साडेतीन वार कापड मोजणाऱ्याला हा पाढा भाकरीइतका लागायचा. तो गेला आणि त्याच्याबरोबर तोंडी अपूर्णांकही गेले. आता दहावीच्या मुलाला पाऊणचा पाऊणपट विचारा, तो मोबाईल काढतो. नऊ सोळांश ओ, नऊ सोळांश!

कुंदावाला
गुरुजी, साडेसाती राहिली.

गुरुजी_खानापूर
तिचं गणित सोपं आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षांच्या आसपास लागतात. बारा राशी, म्हणजे एका राशीत जवळजवळ अडीच वर्षं. आपली राशी, मागची आणि पुढची धरून तीन. साडेसात. तुला लागलेली मात्र मधुमेहाची असेल, कुंदा कमी कर.

बंडल_पंचवीस
निपाणीकडून २५. माझी आई आणि दोन्ही आत्या विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून कापलेली पानं. मजुरी हजार विड्यांवर. २५ विड्यांचा एक कट्टा, ४० कट्टे झाले की हजार. आईला हिशोब करायला पाटी लागली नाही कधी, कट्ट्यांच्या राशी बघून सांगायची. ठेकेदाराकडं गेल्यावर छाट निघायची. चांगल्यातल्या विड्या पण 'वाकडी', 'सैल' म्हणून बाजूला, आणि हजार भरायला घरनं जादा वळून न्यायच्या. म्हणजे हजार विड्यांच्या मजुरीसाठी हजारापेक्षा जास्त वळायच्या. त्या हजाराचं गणित कुठल्या पुस्तकात नाही.

आता माझा प्रश्न. गोल वस्तू घट्ट बांधायच्या तर मधे १, भोवती ६, झाल्या ७. पुढच्या वेढ्यात १२, झाल्या १९. त्यापुढं १८, झाल्या ३७. षटकोनी घट्ट बांधणीत २५ कुठंच बसत नाही. मग २५ च का?

शंकेखोर
हजाराला पूर्ण भाग जातो म्हणून असावं. १९ नं भागलं तर ५२ कट्टे बांधून १२ विड्या उरतात. ३७ नं २७ कट्टे आणि १ उरते. ती एक कुणाची यावरनं भांडण. शिवाय विडी एका टोकाला निमुळती, ती कंपासनं काढल्यासारखी गोल धरून हिशोब करता येणार नाही.

बंडल_पंचवीस
पटलं. खरं ३७ चं लई आवडलं, ९९९ ला पुरा भाग जातो म्हणून हजारात एकच उरते. उरलेली एक ठेकेदाराचीच असणार, ते सांगायला नको.

चिकोडीचा_जावई
माझा ३६. कुणाशी पटत नसेल तर छत्तीसचा आकडा, कारण ३ आणि ६ एकमेकांकडं पाठ करून बसलेत. पण लग्न जमवताना गुरुजी म्हणतात छत्तीसपैकी छत्तीस गुण जुळले तर सोन्याहून पिवळं! एकच आकडा भांडणाला पण आणि लग्नाला पण. अनुभवानं सांगतो, दोन्ही बरोबर आहे.

गुरुजी_खानापूर
जावईबापू, गुण ३६ कसे होतात ते बघा. वर्णाला १, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, भकूटाला ७, नाडीला ८. १ ते ८ ची बेरीज ३६. खडे एकाखाली एक १, २, ३ असे आठ ओळीत मांडले तर त्रिकोण होतो, आणि तेच खडे सहा-सहाच्या ओळीत मांडले तर चौरस. त्रिकोणीही आणि वर्गही असणाऱ्या संख्या फार विरळ. १ नंतर ३६, त्याच्यानंतर एकदम १२२५.

अंकज्योतिषी_नव्हे
आहेराच्या पाकिटात ११, २१, ५१, १०१ घालतात ते मूळ संख्या असतात म्हणून. हे तरी बरोबर का?

शंकेखोर
नाही. ११ आणि १०१ मूळ. २१ = ३ × ७, ५१ = ३ × १७, ५०१ = ३ × १६७, १००१ = ७ × ११ × १३. वरचा रुपया घातला की रक्कम विषम होते, दोघांत सारखी वाटता येत नाही, नवराबायकोचं एकत्र राहतं. गोष्ट तेवढीच. आणि शून्यावर संपत नाही, व्यवहार पुढं चालू राहतो.

यल्लम्माचा_भक्त
७ वर कुणी बोललंच नाही देवाच्या अंगानं! आम्ही सौंदत्तीला जाताना डोंगरावर हाक ऐकतो ती 'एळुकोळ्ळद यल्लम्मा', सात दऱ्यांची यल्लम्मा. आणि खंडोबाच्या जत्रेत 'येळकोट येळकोट' म्हणतो त्यातला 'येळ' पण सातच. एळु कोटी, सात कोटी, मल्हारीच्या सैन्याची मोजदाद. मैलारला कन्नड भक्त 'एळुकोटी एळुकोटी' म्हणतात ते कानावर पडलं की जेजुरीच आठवते.

तिसरं_गेट
वा! आणि पंढरपुरात २८. विठोबा विटेवर २८ युगं उभा. पूजेच्या संकल्पात भटजी सांगतात तेही २८ वं कलियुगच. गणितात २८ ही परिपूर्ण संख्या: १ + २ + ४ + ७ + १४ = २८. स्वतःच्या भाजकांची बेरीज स्वतः. पहिली ६, मग २८, मग ४९६, मग ८१२८.

रट्टकालीन
सगळे देवधर्मात रमलात. जमिनीच्या आकड्यांकडे या. आपल्या भागातल्या शिलालेखांत प्रदेशाच्या नावाला आकडा जोडलेला असतो. वेणुग्राम ७०, म्हणजे आपलं बेळगाव आणि त्याचा परिसर. कुंडी ३०००, सौंदत्तीच्या रट्टांचा मुलूख. हलसी म्हणजे पलसिगे १२०००, गोव्याच्या कदंबांकडे. वर कऱ्हाड ४०००. हे आकडे गावांचे की महसुलाचे यावर अभ्यासकांत एकमत नाही. १२००० खेडी त्या काळी हलसीच्या रानात कुठून असणार, हे खानापूरच्या जंगलात फिरलेला कुणीही सांगेल. वेणुग्राम ७० आधी कदंबांकडे होतं, बाराव्या शतकाच्या अखेरीस-तेराव्याच्या सुरुवातीला रट्टांकडे आलं. म्हणजे बेळगाव कुणाचं हा प्रश्न तेव्हाही होता आणि तेव्हाही आकड्यांतच मांडला जायचा. आज आपण ८६५ म्हणतो, महाराष्ट्राने मागितलेली गावं.

कुंदावाला
आला, ८६५ आला! बसा आता घट्ट धरून.

संपादक
सीमाप्रश्नाचे धागे वेगळ्या विभागात आहेत, तिथं लिहावं. इथं आकड्यांपुरतं ठेवा. पुढचे वादाचे प्रतिसाद उडवले जातील.

तिसरं_गेट
संपादक, आकड्यांपुरतंच ठेवतो. ८६५ = ५ × १७३. दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन रीतींनी लिहिता येतो: ९² + २८² आणि १७² + २४². दोन्ही मांडण्या बरोबर, उत्तर एकच. याच्यावर मी काही बोलत नाही.

गुरुजी_खानापूर
मला पण आकड्यांपुरतं बोलू द्या. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा. त्यांनी काही संख्यांना 'हर्षद' नाव दिलं. अंकांच्या बेरजेनं त्याच संख्येला पूर्ण भाग गेला की ती हर्षद, हर्ष देणारी. १०८ घ्या, अंकांची बेरीज ९, भाग १२ वेळा जातो.

आता सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग, अहवाल १९६७ चा. महाराष्ट्राला २६४ गावं द्या, कर्नाटकाला २४७ द्या, अशी शिफारस. २६४ च्या अंकांची बेरीज १२, १२ × २२ = २६४. हर्षद. २४७ ची बेरीज १३, १३ × १९ = २४७. तीही हर्षद! अहवाल कर्नाटकाने मान्य केला, महाराष्ट्राने फेटाळला. महाराष्ट्राची मागणी आधी ८१४ गावांची, नंतर ८६५ ची. दोन्ही तपासल्या. एकही हर्षद नाही.

बंडल_पंचवीस
गुरुजी, लई भारी. दुपारपासनं बायकोला हेच ऐकवूलालोय.

शंकेखोर
कापरेकरांचं नाव निघालंच आहे तर त्यांचा ६१७४ घ्या. १९४९ सालचा शोध. चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. उत्तराला तेच पुन्हा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर गाडी येऊन थांबते आणि पुढं हलत नाही.

१९२४ घालून बघितलं: ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. सहा पायऱ्या, बऱ्यापैकी रखडलं.

मग म्हटलं भाषावार प्रांतरचनेचं १९५६ घालू. ९६५१ − १५६९ = ८०८२. ८८२० − ०२८८ = ८५३२. ८५३२ − २३५८ = ६१७४. तीनच पायऱ्या. पाठोपाठ महाजन अहवालाचं १९६७ घातलं. ९७६१ − १६७९ = ८०८२. पुन्हा ८०८२! पुढचा रस्ता तोच.

शेडबाळची_लेक
हा योगायोग का काही कारण आहे?

शंकेखोर
कारण आहे. अंक मोठ्यापासून लहानापर्यंत लावले की पहिल्या पायरीचं उत्तर दोनच गोष्टींवर ठरतं: टोकाच्या दोन अंकांतला फरक आणि मधल्या दोघांतला फरक. पहिल्याला ९९९ नं गुणा, दुसऱ्याला ९० नं, बेरीज करा. १९५६ मध्ये टोकं ९ आणि १, फरक ८, मधले ६ आणि ५, फरक १. १९६७ मध्ये टोकं तीच, मधले ७ आणि ६, फरक १. दोन्हीकडे ७९९२ + ९० = ८०८२. म्हणून बाकी अंक कितीही वेगळे असले तरी हजारो संख्या पहिल्याच पायरीला अगदी थोड्या उत्तरांत गोळा होतात. ६१७४ च्या जादूतली अर्धी जादू इथंच आहे.

रट्टकालीन
महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला ते २००४ साल घालून बघा.

शंकेखोर
४२०० − ००२४ = ४१७६. ७६४१ − १४६७ = ६१७४. दोन पायऱ्या! आजवरचा सगळ्यात झटपट निकाल.

कुंदावाला
कापरेकरांना न्यायाधीश करायला पाहिजे होतं.

संपादक
कुंदावाला, शेवटची ताकीद. (मी माझं जन्मसाल घालून बघितलं, पाच पायऱ्या.)

चिकोडीचा_जावई
मी टोलच्या रांगेत पुढच्या गाड्यांचे नंबर घालत बसलो, वेळ मस्त जातो. खरं माझ्या स्वतःच्या गाडीचा नंबर ५५५५. पहिल्याच पायरीला शून्य आलं! असं कसं?

गुरुजी_खानापूर
चारही अंक सारखे असले की चालत नाही, जावईबापू. निदान एक तरी वेगळा लागतो.

चिकोडीचा_जावई
आरटीओत जादा पैसे भरून घेतलाय ओ तो नंबर!